लाकडी खेळण्यांची चाकं: सोळा नगांचा स्वस्त संच घ्यावा की दोनच चांगले होल सॉ?

लाकडी ट्रक, ट्रॅक्टर, ओढायचा बैल किंवा एसटीचं मॉडेल करायला घेतलं की बॉडी जमते, काम अडतं ते चाकांपाशी. चारही चाकं एका मापाची, भोक बरोबर मधोमध आणि अ‍ॅक्सल न डुगडुगणारा, एवढंच हवं असतं. दुकानात आणि ऑनलाइन यासाठी जे काही मिळतं, त्यातलं काय कामाचं आहे आणि काय नाही, ते इथे मापांसकट सांगतो.

सगळ्यात जास्त विकला जातो तो 19 मिमीपासून 127 मिमीपर्यंतचा होल सॉ संच. होल सॉ म्हणजे ड्रिलला लावून लाकडातून गोल चकती कापणारं दातेरी पातं. प्लास्टिकच्या पेटीत दहा-बारा गोल पाती, दोन मँड्रेल (पातं ड्रिलमध्ये धरणारे दांडे), एक-दोन प्लेटा आणि एक अ‍ॅलन की. पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा ऑनलाइन, वस्तू तीच. वेष्टनावरचं नाव तेवढं वेगळं. चाकांसाठी होल सॉचा मोठा फायदा म्हणजे मधलं ड्रिल बिट आणि बाहेरचं पातं एकाच दांड्यावर फिरतात, त्यामुळे भोक आपोआप केंद्रात पडतं. जिगसॉने गोल कापून नंतर कंपासच्या खुणेवर भोक पाडलं तर अर्धा-एक मिमी इकडेतिकडे होतोच, आणि तेवढ्यानेही गाडी लंगडत चालते.

पण हा फायदा स्वस्त संचात निम्मा वाया जातो. पातं प्लेटवर नुसतं अडकवलेलं असतं, आट्यांनी घट्ट बसत नाही. बोटांनी हलवून बघा, किंचित खेळ लगेच जाणवेल. फिरताना तो खेळ वाढतो, खाच रुंद होते आणि चाकाच्या कडेवर पायऱ्या उमटतात. दुसरं, पाती साध्या कार्बन स्टीलची असतात. पाइनसारख्या मऊ लाकडात ती ठीक चालतात, पण प्लायमधल्या गोंदाच्या थरांत तापतात. दाते एकदा निळे पडले की त्यांचं पाणी उतरलं म्हणायचं. त्यानंतर ते कापत नाहीत, जाळतात. सागवानात तर थोडीच चाकं कापून झाली की हा प्रकार होतो.

तिसरी अडचण वेष्टनावर कुठेच लिहिलेली नसते आणि सगळ्यात जास्त त्रास तीच देते. मधलं ड्रिल बिट बहुतेक संचांत पाव इंची, म्हणजे दोन सुती, म्हणजे 6.35 मिमी असतं. आणि बाजारात मिळणारी गोल लाकडी दांडी 6 मिमीची असते. या 0.35 मिमीच्या फटीमुळे चाक दांडीवर तिरकं चिकटतं आणि फिरताना डुलतं. फेव्हिकॉल जास्त ओतून उपयोग नाही, कारण तो वाळताना आकसतो आणि फट भरत नाही. यावर उपाय दोनच. एक तर 6.35 मिमीची लोखंडी दांडी वापरा आणि चाक एपॉक्सीने चिकटवा. नाहीतर चाक निघाल्यावर तेच भोक बेंच ड्रिलवर 8 मिमी करा आणि 8 मिमीची दांडी घाला. मँड्रेलमधलं बिट काढून 6 मिमीचं घालावंसं वाटतं, पण त्याचा स्क्रू बिटाला एका बाजूला ढकलतो, म्हणजे केंद्र पुन्हा हललंच. खरेदी करताना व्हर्निअर सोबत न्या आणि बिट व दांडी दोन्ही मोजून घ्या.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. सोळा नगांच्या संचातली जेमतेम तीन मापं चाकांच्या कामाची असतात. त्याऐवजी बायमेटल होल सॉ सुटे घ्या, दोनच घ्या. एका नगाला जवळजवळ अख्ख्या स्वस्त संचाइतके पैसे पडतात आणि वर मँड्रेल वेगळं घ्यावं लागतं, हे खरं. पण त्याचे दाते हाय स्पीड स्टीलचे असतात आणि मऊ पोलादाच्या अंगावर वेल्ड केलेले असतात, त्यामुळे ते तापूनही टिकतात. खोली साधारण 38 मिमी, म्हणजे 18 मिमीची फळी आरामात बसते. अंगाला लांबट खिडक्या असतात, त्यातून स्क्रूड्रायव्हर घालून अडकलेलं चाक बाहेर ढकलता येतं. स्वस्त संचात तेच चाक काढायला प्लेट सोडवावी लागते.

मँड्रेल घेताना आटे बघा. 30 मिमीपर्यंतच्या होल सॉला अर्धा इंची आटे असतात, 32 मिमी आणि पुढच्यांना पाच अष्टमांश इंची. दुकानदार अनेकदा हातात येईल ते देतो. मोठ्या मँड्रेलला दोन पिना असतात. होल सॉ पूर्ण आवळायचा, मग पिना भोकांसमोर येतील इतकाच उलटा फिरवायचा आणि पिना आत ढकलायच्या. पिना न बसवता काम केलं तर सगळा जोर आट्यांवर येतो आणि काम संपल्यावर होल सॉ मँड्रेलवरून सुटत नाही.

आता मापं. होल सॉवर लिहिलेला आकडा भोकाचा असतो, चाकाचा नव्हे. पात्याची जाडी दोन्ही बाजूंनी वजा होते. बायमेटलमध्ये साधारण 5 ते 6 मिमी जातात, स्वस्त संचात 3 ते 4, आणि घासण्यात आणखी अर्धा मिमी. म्हणजे 51 च्या होल सॉचं चाक 45 च्या आसपास येतं, 64 च्याचं 58 च्या आसपास. ही दोन मापं घेतली की कार, ट्रक आणि ट्रॅक्टरची मागची चाकं यांतलं बरंच काम भागतं. नवीन होल सॉ आणला की आधी रद्दी लाकडात एक चाक काढून मोजा आणि तो आकडा मार्करने होल सॉच्या अंगावरच लिहून ठेवा.

लहान मुलांसाठी करत असाल तर इथे एक माप पाठ हवं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातला सुटा भाग 31.7 मिमी व्यासाच्या नळकांड्यात मावला तर तो घशात अडकण्याच्या धोक्याचा मानला जातो. 38 च्या होल सॉचं चाक घासून झाल्यावर बरोबर या हद्दीवर येतं. म्हणून तान्ह्यांच्या खेळण्याला 44 च्या खालचा होल सॉ वापरू नये. चाक निखळणार नाही अशी खात्री असली तरीही नाही. गोंद वाळल्यावर चाकाला दोरी बांधून दहा लिटरची भरलेली बादली सावकाश टांगा. तेवढं सहन झालं तरच गाडी मुलाच्या हातात द्या. आणि विकायला करत असाल तर 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, म्हणून नोंदणी आधी करून घ्यावी.

कापण्याची पद्धत

बेंच ड्रिल असेल तर 51 च्या होल सॉला मिनिटाला 500 फेऱ्यांच्या आसपासचा पट्टा लावा. साधं हँड ड्रिल पूर्ण दाबलं तर अडीच हजाराच्या पुढे जातं. त्या वेगात दाते कापत नाहीत, घासतात. धूर निघतो, चाकाची कड काळी पडते आणि त्या काळ्या कडेवर रंग नीट धरत नाही. बॅटरीचं ड्रिल असेल तर ते 1 नंबरच्या गिअरवर ठेवा. हातात धरून काम करताना बाजूचा दांडा लावलाच पाहिजे, कारण पातं अडकलं की ड्रिल मनगट पिरगाळतं. फळी पायाखाली धरून तर हे काम कधीच करू नये, दोन सी-क्लॅम्प लावा.

आधी होल सॉ हलकाच टेकवून दोन मिमीची खाच पाडा. मग थांबा आणि 8 मिमीच्या बिटने एक आरपार भोक असं पाडा की त्याची एक कड त्या खाचेत येईल आणि उरलेलं सगळं बाहेरच्या टाकाऊ लाकडात राहील, चाकाला जराही न लागता. या एका भोकाने कामाचं रूप पालटतं. खाचेतला भुसा एरवी दात्यांत अडकून जळतो, तो या भोकातून खाली पडतो. कापायला निम्मा वेळ लागतो आणि कड पांढरी निघते.

फळीच्या जाडीच्या निम्म्याच्या जरा पुढे गेलात, मधलं बिट खालून बाहेर आलं, की फळी उलटा आणि त्याच भोकातून दुसऱ्या बाजूने पूर्ण करा. याने दोन गोष्टी साधतात: खालच्या बाजूच्या चिपट्या उडत नाहीत, आणि चाक होल सॉमधून निम्मं बाहेर डोकावत राहतं, त्यामुळे हाताने ओढून निघतं. कडेवर मधोमध एक बारीक उंचवटा राहतो, तो घासण्यात जातो.

घासायला चाक 6 मिमीच्या बोल्टवर दोन वायसरांमध्ये आवळा आणि बोल्ट ड्रिलच्या चकमध्ये धरा. 80 नंबरचा पॉलिश पेपर ठोकळ्याला गुंडाळून फिरत्या चाकावर टेकवा, मग 120, मग 220. ठोकळा हवाच. नुसत्या बोटांनी कागद धरला तर कड मधे फुगते. चार चाकं एकदम बोल्टवर चढवली तर चारही एकाच व्यासाची होतात. ट्रकच्या मागच्या जोडचाकांसाठी हे फार महत्त्वाचं, कारण त्यातलं एक जरी अर्धा मिमी मोठं राहिलं तर दुसरं जमिनीला टेकतच नाही.

लाकूड कुठलं? फळीतून कापलेलं चाक मजबूत असतं, पण लाकूड रेषेच्या आडवं जास्त आणि रेषेच्या लांबीत जवळजवळ शून्य फुगतं. त्यामुळे कच्च्या लाकडाचं चाक पावसाळ्यात किंचित अंडाकृती होतं. नीट मुरलेलं शिवण किंवा सागवान यात कमी त्रास देतं. गोल दांडक्याचे काप करून चाकं काढायचा मोह टाळा. त्यात रेषा चाकाच्या जाडीतून जातात, काप वाळताना मध्यापासून कडेपर्यंत चीर पडते आणि पहिल्याच आपटण्यात दोन तुकडे होतात. प्लाय गोलच राहतो, पण स्वस्त प्लायच्या आत पोकळ्या असतात आणि त्या नेमक्या चाकाच्या कडेवर उघड्या पडतात. खोक्यांचं पाइन वापरत असाल तर शिक्का वाचा. एचटी म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, ते चालेल. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते खेळण्याला नको.

अ‍ॅक्सलचा नियम सोपा आहे: दांडी चाकात घट्ट, बॉडीत सैल. दांडी 6 ची तर बॉडीतलं भोक 7 चं, दांडी 8 ची तर 9 चं. बॉडीचं भोक दोन्ही बाजूंनी पाडून मधे जुळवू नका, एकाच बाजूने आरपार पाडा. नाहीतर अ‍ॅक्सल तिरका बसतो आणि गाडी एका अंगाला वळते. दांडीच्या मधल्या भागाला मेणबत्ती घासा. तेल लावू नका, त्याने लाकूड फुगतं. चाक आणि बॉडी यांच्यामध्ये एक मिमीचा वायसर घाला, आणि गोंद चाकाच्या भोकात लावा, दांडीला नाही. दांडीला लावलेला गोंद आत सरकताना मागे ढकलला जातो आणि थेट बॉडीला चिकटतो. फर्निचरच्या सांध्यांसाठी मिळणाऱ्या खाचा असलेल्या छोट्या डॉवेल पिना अ‍ॅक्सल म्हणून घेऊ नयेत, त्यांच्या खाचा भोक खातात.

बाकीचे पर्याय

लांब दांड्याचा फिरता सर्कल कटर, ज्यात 30 ते 120 मिमीपर्यंत हवं ते माप लावता येतं, तो मोठ्या चाकांसाठी चांगला, पण फक्त बेंच ड्रिलवर आणि अगदी कमी वेगात. हँड ड्रिलवर तो अजिबात लावू नये. फिरताना त्याचा दांडा दिसत नाही, आणि बोट तिथे गेलं तर परत येत नाही. त्याच्या टोकाचं पातं भोक स्वच्छ यावं अशा बेताने बसवलेलं असतं. आपल्याला चाक स्वच्छ हवं, म्हणून ते उलटं फिरवून सरळ कड आतल्या बाजूला आणा.

तयार चाकांत सावंतवाडीच्या चितारआळीतली किंवा चन्नपट्टणची कातीव, लाख चढवलेली चाकं देखणी असतात, लेथवर केल्यामुळे गोलाई पक्की. मागणी देताना भोकाचं माप सांगा आणि भोकात लाख येऊ देऊ नका म्हणून सांगा, कारण लाखेवर फेव्हिकॉल धरत नाही. गुळगुळीत फरशीवर ती फिरण्याऐवजी घसरतात. सायकलच्या जुन्या ट्यूबचं 8 मिमी रुंद कडं कापून चढवा. 40 ते 50 मिमीच्या चाकावर ते ताणून घट्ट बसतं.

पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळणारी, पिवळ्या बीओ मोटरची (बॅटरीवर चालणारी छोटी मोटर) 65 मिमी व्यासाची रबरी चाकं स्वस्त आहेत आणि पकड उत्तम. पण त्यांचं भोक गोल नसतं, दोन बाजूंनी चपटं असतं, मोटरच्या शाफ्टसाठी. गोल दांडीवर ती बसत नाहीत. चपटी बाजू ड्रिलने मोडून 6 मिमी केलं तर प्लास्टिकची भिंत पातळ होते आणि चाक डुलू लागतं. मोटर लावणार असाल तरच घ्या.

लेझर कटिंगवाल्याकडून चाकं करून घेतली तर गोलाई आणि भोक दोन्ही नेमकं येतं. किरण स्वतः साधारण 0.2 मिमी खातो, म्हणून 6 च्या दांडीसाठी भोक 5.8 चं काढून द्या. एमडीएफ ओलाव्याने फुगतं, कडेला सीलर मारल्याशिवाय वापरू नका. आणि सनबोर्ड लेझरवर द्यायचा नाही. तो पीव्हीसीचा असतो, त्यातून विषारी आणि मशीन गंजवणारा वायू निघतो. जाणता कारागीर स्वतःच नकार देतो.

एसटीच्या मॉडेलची चाकं हा वेगळा विषय, आणि तिथे होल सॉपेक्षा पाइप चांगला. बसच्या 10.00-20 टायरचा बाहेरचा व्यास साधारण 1050 मिमी आणि रुंदी 278 मिमीच्या आसपास. म्हणजे 1:24 च्या मॉडेलला चाक 44 मिमी व्यासाचं आणि साडेअकरा मिमी रुंद हवं. 1:32 ला 33 मिमी आणि पावणेनऊ. शेतीचा करडा 40 मिमी पीव्हीसी पाइप बाहेरून बरोबर 40 चा असतो. त्यावर 2 मिमी रबर शीटची पट्टी चिकटवली की 44 झाले. हाच पाइप प्लंबिंगवाल्याकडे सव्वा इंची म्हणून मागितला तर 42.2 मिमी येतो आणि गणित बिघडतं. 1:32 साठी उलट, प्लंबिंगचा एक इंची पांढरा पाइप 33.4 चा असतो, तोच तसाच काळा रंगवून चालतो. काप काटकोनात यावा म्हणून पाइपभोवती सरळ कडेचा कागद गुंडाळा, टोकं जुळवा आणि त्या कडेने हॅक्सॉ चालवा. आत 5 मिमी सनबोर्डची चकती बसवा, अ‍ॅक्सलला सायकलचा 2 मिमीचा स्पोक घ्या. पुढच्या चाकाची डिश (मधली थाळी) बाहेर फुगलेली दिसते, मागच्या जोडचाकाची आत गेलेली. ही खूण चुकली की बाकी लालपरी कितीही हुबेहूब असली तरी जाणत्याला लगेच खटकते. शीतपेयाच्या बाटलीची झाकणं 30 मिमीच्या आसपास असतात. 1:32 ला दीड मिमीच्या रबरपट्टीने तीही जमतात, पण कडेच्या रेघा आधी कानशीने काढाव्या लागतात, आणि रंग त्या प्लास्टिकवर फार दिवस टिकत नाही. बीओ मोटरचं 65 चं चाक 1:16 च्या बसला व्यासाने चपखल बसतं, मात्र 27 मिमी रुंदी पुढच्या चाकाला फार होते, तिथे सुमारे साडेसतरा हवी.

तान्ह्या पोळ्याच्या नंदीला मात्र यातलं काहीच पुरत नाही. नागपूरकडे दोन-तीन फुटी लाकडी नंदी रस्त्याने ओढत नेतात. त्या वजनाखाली लाकडी दांडी भोकात घासून महिन्याभरात सैल होते. तिथे 608 नंबरचं बेअरिंग वापरा: आतलं भोक 8 मिमी, बाहेरून 22, जाडी 7. चाक 100 मिमीच्या पुढचं, 18 मिमी प्लायचे दोन थर चिकटवून 36 मिमी जाड. दोन्ही तोंडांना 22 मिमीच्या फोर्स्टनर (सपाट तळाचं भोक पाडणाऱ्या) बिटने 7 मिमी खोल घर करा आणि मधून 12 मिमीचं भोक आरपार पाडा. हे घर होल सॉने करू नका. 22 चा होल सॉ जरा मोठं कापतो आणि बेअरिंग ठोकावं लागण्याऐवजी गळून पडतं. दोन बेअरिंगांच्या मधे 22 मिमी लांबीची, 8 मिमीचा बोल्ट आतून जाईल अशी लोखंडी नळी घालावी, म्हणजे नट आवळल्यावर बेअरिंगांवर आडवा दाब येत नाही. नट नायलॉक, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला, सहज सैल न होणारा घ्या. ओढायची दोरी नंदीच्या गळ्यात न बांधता खालच्या पाटाला, पुढच्या अ‍ॅक्सलच्या उंचीवर बांधा. गळ्यातून ओढलेला उंच नंदी पहिल्याच खड्ड्यात तोंडावर पडतो.